न पेटलेल्या खुणा

सोमवार, ४ मार्च

घरात माणसं दोन, आणि त्यातलं एक हल्ली धड बोलत नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी लवकर सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढावेत तसं. कुणाला दाखवायचं नाहीये, तेव्हा चालेल.

आज ऑफिसात भांडण झालं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मी. फोन घेणं, बिलं पाठवणं, आल्यागेल्याला बसवणं माझ्याकडे. आतल्या खोलीत हे आणि माझी धाकटी नणंद, दोघं दोन कॉम्प्युटरांपुढे. औषधं साठवायच्या मोठाल्या थंड खोल्या असतात, त्या सांभाळणारा प्रोग्राम ह्यांनी बनवलाय. भिंतीवर एक डबा बसवतात, प्रोग्राम त्या डब्यात असतो. दार उघडं राहिलं, वीज गेली, मशीन बंद पडलं, तर काय करायचं ते डबा आपलं आपण ठरवतो. आमचं घर इतकी वर्षं त्याच्यावर चाललंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही.

आता एक मोठं गिऱ्हाईक आलंय. त्यांचं म्हणणं, प्रोग्रामचा कानाकोपरा तुम्ही टेस्टिंगमध्ये चालवून बघितलाय हे नुसतं तोंडाने सांगू नका, दाखवा. नणंदबाई म्हणाल्या, सोपं आहे, प्रोग्रामला खुणा लावू. मी म्हटलं, खुणा कसल्या? तर म्हणे, "वहिनी, समजा घरातल्या प्रत्येक खोलीत एक दिवा लावला. कुणी त्या खोलीत गेलं की दिवा पेटतो. दिवसभराने बघायचं, कुठले दिवे पेटलेच नाहीत. तिथे कुणी गेलेलं नाही. आपलं टेस्टिंग कुठवर पोचतंय ते तसं कळेल."

एवढं मलाही कळलं. पण हे उठले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, माझ्या प्रोग्रामला कुणी हात लावायचा नाही. बहिणीवर आवाज चढवताना मी ह्यांना कधी बघितलं नव्हतं. तिला अंगाखांद्यावर खेळवलं, कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा ह्यांनीच बसवलं. ती पांढरीफटक पडली.

मी ह्यांची बाजू घेतली. म्हटलं, ज्याने शिकवलं त्याचीच परीक्षा घेतेस होय गं? ती खुर्ची वळवून कामाला लागली. त्याने माझं डोकं आणखी फिरलं.

गुरुवार, ७ मार्च

गिऱ्हाइकाचा मॅनेजर आला होता. हे काय बोलले म्हणून सांगू. डब्यात जागा मुळातच थोडी. खुणा लावल्या की प्रोग्राम फुगतो, चालायला जड होतो, वेळेची गणितं बदलतात. म्हणजे तपासणार एक आणि भिंतीवर बसवणार दुसरंच. मॅनेजर मान डोलावत होता. नणंदबाई म्हणाल्या, दोन्ही करू, आधी खुणांसकट चालवू, मग खुणा काढून तेच टेस्टिंग परत चालवू. ह्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. मला बाहेर बसून ऐकताना असं वाटलं, की घ्या, हा माझा नवरा.

घरी येताना मात्र डोक्याला ताप. नेहमीच्या वळणावर वळलेच नाहीत. पुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, रस्ता खणलाय म्हणून लांबून घेतलं. कुठे खणला होता? झाडलोट केल्यासारखा स्वच्छ रस्ता. मी म्हटलं, डोळे घरी ठेवून आलात की काय. तर हसले, आणि मी पुढे होईपर्यंत थांबून राहिले. बायकोला पुढे जाऊ देण्याची ही सभ्यता लग्न झालं तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे.

मंगळवार, १२ मार्च

हे केस कापायला गेले तेव्हा नणंदबाई बाहेर येऊन माझ्यासमोर बसल्या. म्हणे, वहिनी, तुम्ही सांगा त्याला. महिन्याभरात दाखवलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. तर म्हणाली, गिऱ्हाइकाचं सोडा, मलाच बघायचंय आत काय आहे.

मग इकडेतिकडे बघत विचारलं, "दादा घरी ठीक असतो ना?"

मी म्हटलं, न असायला काय झालंय. जेवतात, झोपतात, कामही घरी आणतात. उलट पूर्वीपेक्षा जास्त करतात. आधी दोन दिवस येरझाऱ्या घालायचे आणि दोन ओळी लिहायचे. आता बसले की मान वर न करता लिहितात. तुझ्यासारखं फोन कुरवाळत बसत नाहीत.

हे ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता. तिचं तोंड एवढंसं झालं. मला तिचा हा शहाणा चेहरा सहन होत नाही. मी सरळ विचारलं, भावाला खाली बघायला लावायचंय का तुला? कंपनी हवीय का? ती उठली, आत गेली, दार लावून घेतलं. नाक शिंकरल्याचा आवाज आला. सर्दी असेल, नाहीतर नाटक.

सोमवार, १८ मार्च

ह्यांनी आज मला छळायचं ठरवलं होतं. "गिऱ्हाइकाचा फोन आला का?" सकाळी विचारलं, सांगितलं नाही आला. चहाच्या वेळी विचारलं. जेवताना विचारलं. मी म्हटलं, माझ्या तोंडून एकच उत्तर ऐकून तुमचं पोट भरत नाही का? मग दिवसभर गप्प. रुसवा. ह्या वयात.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढत होते तेव्हा आपणहून आले आणि दोरी धरून उभे राहिले. म्हणाले, "जे चालतंय ते चालू दे. एकदा उघडलं ना, तर मला परत बसवता येणार नाही."

हा माणूस लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझं शिलाईमशीन उघडून बसला होता. नवं कोरं. आत कसं आहे ते बघायला. घरातलं घड्याळ, रेडिओ, पंखा, काही न उघडता सोडलेलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला आणि बसवता येणार नाही? आळस म्हणा. माझ्या हातातली चादर घेतली आणि घडी घालायला लागले. उलटसुलट झाली. मी हिसकावून घेतली.

शुक्रवार, २२ मार्च

तर प्रकरण माझ्या गळ्यात येऊन पडलंय. कंपनी माझ्या नावावर आहे. सुरुवातीला ह्यांची दुसरीकडे नोकरी होती म्हणून तसं केलं होतं, ते तसंच राहिलं. मालकीणबाई म्हणून कुणी मला आजवर चहासुद्धा विचारला नाही. आज नणंदबाई कागद घेऊन समोर. म्हणाली, वहिनी, दादा हो म्हणणार नाही. प्रोग्रामला खुणा लावायच्या तर परवानगी तुमची लागते. त्याच्या नकळत करावं लागेल, पण तुमच्या नकळत नाही करणार.

आयुष्यात पहिल्यांदा आतल्या खोलीतलं काहीतरी मला विचारलं गेलं. मी तासभर बसून राहिले. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं आणि हिचं टुमणं संपत नाही. हो म्हटलं तर ह्यांच्या पाठीत वार. मग वाटलं, का घाबरायचं? ह्यांचं काम चोख आहे. इकडचा दिवा राहिला, तिकडचा राहिला असं होणारच नाही. सगळ्या खुणा लखलखीत पेटल्या की हिचं तोंड कायमचं बंद होईल, आणि मी ह्यांना सांगेन, बघा, मी तुमच्यासाठीच सही केली.

केली सही. सरळ रेघेत आली.

बुधवार, २७ मार्च

हे दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. नणंदबाईंनी मला आत बोलावलं आणि ह्यांच्या खुर्चीत बसवलं.

पडद्यावर ह्यांचा प्रोग्राम. ओळीच ओळी. जिथे खूण पेटली ती ओळ हिरवी, नाही पेटली ती लाल. वरून खाली हिरवंच हिरवं. मी म्हटलं, झालं का समाधान? ती पडदा खाली खाली नेत राहिली. मग लाल आलं. थोडं नाही, पडदा भरून. मी म्हटलं, तुझं टेस्टिंग कमी पडलं असेल. ती म्हणाली, मलाही तसंच वाटलं. म्हणून मी वाचून बघितलं.

मग ती पुन्हा वर गेली आणि हिरव्यातल्या एका जागी बोट ठेवलं. खोलीचं दार उघडं राहिलं आणि आतली हवा तापायला लागली, तर दुसरं मशीन सुरू करायचं, ते इथे लिहिलंय. प्रोग्राम इथूनच जातो. मग लाल भागात आली. हेही तेच. दार, हवा, दुसरं मशीन. इथून कुणी जातच नाही. आणखी खाली. हेही तेच. पुढे आणखी. कुठे नावं वेगळी, कुठे ओळी वेगळ्या, काम तेच. एका ठिकाणी म्हणे फार सुंदर लिहिलंय, तिला स्वतःला असं सुचलं नसतं. आणि सगळ्यात शेवटच्यात दार उघडं राहिलं की दोन्ही मशीनं बंद होतात. तो तुकडा चुकून जोडला गेला असता तर खोलीभर औषधं नासली असती आणि डबा गप्प बसला असता.

मी म्हटलं, गोंधळ झाला असेल. पुसून टाक, त्यात काय एवढं.

ती म्हणाली, "गोंधळ नाही हो वहिनी. दादाने प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच लिहिलंय."

मला वाटलं हिला एक ठेवून द्यावी. आणि ते चुकलेलं वळण आलं डोक्यात. न खणलेला रस्ता. मला पुढे जाऊ देणारा सभ्य माणूस. दिवसभर तोच एक प्रश्न. मान वर न करता लिहिणं. मी तिला म्हटलं, ही खुर्ची फार कुरकुरते, तेल घालायला पाहिजे. आणि बाहेर जाऊन कप विसळले. स्वच्छच होते.

तिने आपल्या जागेवरून विचारलं, तुम्हाला घरी काहीच जाणवलं नाही का? विचारताना आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

गुरुवार, २८ मार्च

काही नाही. चादरी धुतल्या.

मंगळवार, २ एप्रिल

डॉक्टरकडे नेलं. दाताचंच काहीतरी आहे असं सांगून नेलं, खोटं बोलले. डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला मऊ. सुरुवातीला त्यांनी तीन शब्द सांगितले, म्हणाल्या लक्षात ठेवा, मी नंतर विचारेन. मग म्हणाल्या, तुम्ही काय काम करता?

ह्यांनी थंड खोल्या कशा चालतात ते सांगायला सुरुवात केली. इतकं छान. थंडी नसते मुळी, म्हणाले, थंडी असं काही नसतं, फक्त ऊब असते, आणि आपण ती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवतो. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि ऐकत बसल्या. मला वाटलं, ह्यांना काहीही झालेलं नाही. नणंदेला पायताणाने मारते.

मग त्यांनी ते तीन शब्द विचारले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. संसारात मी काही विसरले की ह्यांच्याकडे बघते, तसं. मी तोंड उघडलं, तर डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणजे सांगू नका. मला तिन्ही आठवत होते. चमचा, खिडकी, लाल. एवढी वर्षं बडबड करून ह्या माणसाचे कान किटवले, आणि तीन शब्द सांगायची पाळी आली तेव्हा मला गप्प बसवलं.

ते म्हणाले, तीन शब्द? कधी सांगितलेत?

सोमवार, ८ एप्रिल

नणंद येऊन बसली. आज तिने जे विचारलं त्याला पुन्हा सही पाहिजे. लाल तुकडे सगळे काढायचे, हिरवा एकच ठेवायचा. एकदा खुणांसकट चालवून बघायचं, मग खुणाही काढायच्या, परत सगळं टेस्टिंग, मग गिऱ्हाइकाला द्यायचं. आणि ह्यांच्या कॉम्प्युटरवरून खऱ्या प्रोग्रामला हात लागणार नाही असं करायचं. त्यांना वेगळा डबा द्यायचा, कुठल्याच भिंतीवर नसलेला.

मी विचारलं, तो सुंदर लिहिलेलाही काढायचा? म्हणाली, हो. कुणी जात नाही तिथून, आणि उद्या कुणी चुकून गेलं तर कुठे निघेल सांगता येत नाही.

मी म्हटलं, सही करते, पण आता एक सांग. तुला कधीपासून शंका होती?

म्हणाली, पावसाळ्यापासून. मग मला का नाही बोललीस? ती टेबलावरची टाचण्यांची डबी सारखी करत म्हणाली, "बोलायला आले होते ना वहिनी. तुम्ही विचारलंत, कंपनी हवीय का."

सही केली. ह्या वेळी वाकडी आली.

मंगळवार, ९ एप्रिल

कसं कोण जाणे, पुसायच्या आधी ह्यांनी तो रंगीत पडदा उघडला. नणंदेने सकाळी चालू ठेवला होता. मी दारात होते. मला वाटलं आता टेबल उलटं होणार.

ह्यांनी चष्मा लावून निवांत वाचलं. वर गेले, खाली गेले. मग तिला हाक मारली. म्हणाले, हे कुणी लिहिलं? वाईट नाही. पण एका कामासाठी इतक्यांदा कशाला लिहायचं?

ती उठून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. म्हणाली, "मी, दादा. माझं चुकलं."

मग ह्यांनी तिला शिकवलं. ती परकर-पोलक्यातली असताना शिकवायचे तसं, रागावून नाही, पडद्यावर पेन्सिल टेकवत. नवं लिहिण्याआधी जुनं शोधायचं. शोधायचा कंटाळा करायचा नाही. एकच गोष्ट दोनदा सांगितली की यंत्राला कळत नाही कुठली खरी. ती हो दादा, हो दादा म्हणत होती आणि कागदावर उतरवून घेत होती. ह्यांना मागचं दिसत नव्हतं. मला दिसत होतं. कागदावर नुसत्या रेघा ओढत होती, आणि हनुवटी छातीला टेकली होती.

शेवटच्या तुकड्याशी थांबले. म्हणाले, इथे तर दोन्ही मशीनं बंद केलीस. औषधं मरतील गं. हे असं लिहिणाऱ्याला कामावर ठेवू नये.

ती म्हणाली, नाही ठेवत.

ती घरी जायला निघाली तेव्हा मी तिची पिशवी धरून ठेवली. म्हटलं, जेवून जा. तिने मान हलवली. म्हणाली, आज नको वहिनी, आज मी त्याच्यासमोर बसून जेवू शकणार नाही. मी पिशवी सोडली.

रविवार, १४ एप्रिल

शुक्रवारी गिऱ्हाइकाला प्रोग्राम दिला. त्यांना पसंत पडला. सगळं हिरवं.

आज दुपारी हे आणि मी स्वयंपाकघरात बसलो होतो. मी भाजी चिरत होते. ह्यांचा दिवस चांगला होता. असे येतात मधूनच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. अचानक म्हणाले, खुणा लावल्यात ना? सही तू केलीस?

खोटं बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. म्हटलं, केली.

भाजीचं एक देठ उचलून बोटांत फिरवलं. मग म्हणाले, बरं केलंस. मला ठाऊक होतं आत काहीतरी सापडणार. काय ते ठाऊक नव्हतं. एखाद्या ओळीकडे बघायचो आणि वाटायचं, ही मीच लिहिली असणार, इथे दुसरं कोण येतं. मग भीती वाटायची, म्हणून तिथे परत जायचो नाही. नवीनच लिहायचो.

मी हातातली सुरी खाली ठेवली. मला इतका राग आला. ह्यांचा, माझा, त्या डब्याचा, कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. पावसाळ्यापासून माणूस माझ्या शेजारी झोपतोय, माझ्या हातचं जेवतोय, आणि एकटा घाबरतोय. म्हटलं, मला का नाही सांगितलंत? मी काय परकी होते?

ते माझ्याकडे बघून हसले. अगदी पूर्वीसारखं, सगळं आठवत असलेल्या माणसासारखं.

"तू ओरडली असतीस," म्हणाले.

ओरडले असते. ह्यांनी तोंड उघडून पहिला शब्द काढला असता ना, त्याच क्षणी ओरडले असते, की काहीतरीच काय बोलता, काही झालेलं नाही तुम्हाला. आणि पुढचं ऐकलंच नसतं.